माशाचं पाणी, ज्वारीचं पाणी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नदी आटली की पहिलं बोट विहिरीकडं जातं. उन्हाळ्यात नदी वाहते ती जमिनीच्या पोटातल्या पाण्यावर, आणि आपली मोटार तेच पाणी उपसते, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की नदीला किती लागतं ते मोजणार कोण, आणि आम्ही सोडलं तर त्याचा दाम देणार कोण?

अमेरिकेत टेक्सासमध्ये एडवर्ड्स हा चुनखडीतला भूजलसाठा आहे. त्यावर मका, ज्वारी, कापूस पिकतो, सॅन अँटोनिओ शहरही तेच पाणी पितं. त्यातूनच कोमलचे झरे फुटून नदी होते. 1956 च्या दुष्काळात हे झरे 144 दिवस बंद होते. बोटाच्या पेराएवढा फाउंटन डार्टर मासा तिथून नाहीसा झाला. पुढं तो दुसऱ्या नदीतून आणून सोडावा लागला.

या माशासारख्या जीवांसाठी 1991 साली खटला झाला. हसू नका, 1993 मध्ये निकाल शेतकऱ्याच्या मोटारीपर्यंत पोचला. त्याच वर्षी उपशाला मर्यादा घालणारा कायदा आला. पण 1972 ते 1993 या काळात ज्यानं ओलित केलं, त्याला एकरी वर्षाला निदान 24 इंच पाण्याचा हक्क त्यातच लिहून मिळाला. आपल्या कित्येक गावांत आख्ख्या पावसाळ्याची मजल तेवढीच!

मग माणसं पाण्यात उतरली. मासा कोणत्या पाणवनस्पतीत राहतो याचे नकाशे काढले, जाळी टाकून मासे मोजले, पाण्याची खोली, वेग, उष्णता तपासली. त्यातून ठरलं, की दुष्काळातसुद्धा कोमलचा प्रवाह 30 क्युसेकखाली जाऊ नये.

2013 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात त्याचा हिशेब आहे. शेतकरी राजीखुशीनं करार करतो आणि नुसत्या करारापोटी दरसाल पैसे घेतो. 1 ऑक्टोबरला ठराविक विहिरीची पातळी समुद्रसपाटीपासून 635 फुटांवर किंवा खाली असली, तर पुढचं वर्षभर करारातलं पाणी उपसत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे मिळतात. हा पैसा मुख्यतः शहरं नि कारखान्यांच्या पाणीपट्टीतून येतो. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तर जमिनीखालचं पाणी ही जमीनमालकाची मालमत्ता ठरवली.

आपला काळा पाषाण वेगळा. इथं पाणी फटीफटीत, नाल्यानाल्याला निराळं. त्यांचा आकडा इथं चालणार नाही, रीत चालेल. आपल्याकडं 2009 चा भूजल कायदा आहे, 60 मीटरहून खोल विहिरीवर त्यात बंधन आहे. मोटार बंद करायला सांगणाऱ्यानं आधी एप्रिल-मे मध्ये डोहात उतरावं, शेजारच्या विहिरींची पातळी त्याच दिवशी, आमच्यासमक्ष लिहावी. ज्या गावांना ही मोजणी आपणहून सुरू करायची आहे, त्यांनी आज नावं द्यावीत. दोरी, टेप आणि एक वही पुरे.