दूरसंचारातील नोकरी : कायम कोण, उपरा कोण?

(वरठी येथील भाषणाचा मजकूर)



वरठीत भंडारा रोडचे रेल्वे स्थानक आहे, पोलादाचा कारखाना आहे. कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार यांतील अंतर येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सरकारी दूरसंचार कंपनीत तेच अंतर कसे रुंदावत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

भारत संचार निगम १ ऑक्टोबर २००० रोजी स्थापन झाले. तत्पूर्वी टेलिफोन खात्यात चिकटणे म्हणजे घर मार्गी लागणे. ठरलेला पगार, निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि गावात मान. हे कोणी दान दिलेले नव्हते. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर, १९८९ च्या योजनेने, तात्पुरता दर्जा मिळाला. खात्याची कंपनी होताना कर्मचारी संपावर गेले, आणि जुन्यांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी सरकारने पत्करली.

परंतु तेव्हापासून एकाच छपराखाली तीन पंक्ती बसल्या. जुन्यांना सरकारी निवृत्तिवेतन, नव्यांना भविष्य निर्वाह निधी, आणि ठेकेदाराच्या माणसाला आज काम असले तर आज मजुरी.

खासगी कंपन्यांनी २०१६ पर्यंत फोर-जी सेवा आणली. निगमला त्या लहरी देण्याचा निर्णय २०१९ च्या ऑक्टोबरात झाला. आधी उपाशी ठेवायचे, मग अशक्तपणाबद्दल बोल लावायचा, असाच हा प्रकार. त्याच निर्णयासोबत पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली : झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचे व उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचे वेतन. ७८,५६९ जणांनी अर्ज केले. ३१ जानेवारी २०२० रोजी जवळजवळ निम्मे मनुष्यबळ बाहेर पडले. वर्षारंभीच पगार थकल्याचा अनुभव घेतलेल्या, डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला दोष कोण देणार? मात्र अशा स्थितीतील होकाराला ‘स्वेच्छा’ म्हणणे ही सरकारी भाषेची कमाल आहे.

खासगी कंपनीत बढती लवकर मिळते, हुशार तरुणाला नवे तंत्र शिकता येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेथील छप्परही पक्के नाही. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

सर्वांत कमी चर्चा झाली ती ठेकेदारी कामगारांची. निगमच्या पडत्या काळात त्यांची मजुरी महिनोन्‌महिने अडली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने वेतन चुकविल्यास ते मूळ मालकाने द्यावयाचे होते. येथे मूळ मालक साक्षात सरकारची कंपनी होती. आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत या माणसांसाठी एक दिवसाचेही वेतन नव्हते.