ओहोटीची वाट



मुकुटबनच्या बाजूस ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना पाणी एकाच दिशेनें वाहतांना ठाऊक असतें. आमची पैनगंगा वर्धेस मिळते, तें पाणी पुढें गोदावरींतून पूर्वसमुद्रास जातें आणि परत म्हणून येत नाहीं. त्यामुळें अलिबागेस वृद्ध मातोश्रींना घेऊन गेलों असतां मीं भरतीची वेळ विचारलीच नाहीं. किनाऱ्यावर पोहोंचेपर्यंत सायंकाळ झाली, वाट पाण्याखालीं गेली, होड्याही थांबल्या होत्या. कुलाब्याच्या किल्ल्यांतील गणपतीस किनाऱ्यावरूनच हात जोडून आम्ही परतलों. येथें कायमचा रस्ता कां करीत नाहींत, असें त्या रात्रीं मला वाटलें.

हा किल्ला शिवछत्रपतींनीं १६८० सालीं बांधावयास घेतला व संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत तो पुरा झाला. पुढें कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचें तें मुख्य ठाणें बनलें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून त्यावर स्वारी केली. तिला यश आलें नाहीं. ओहोटीस शत्रूला पायीं येतां येई खरें, पण कांहीं तासांतच त्याची मागची वाट बुडे. समुद्र हाच दिवसांतून दोनदां पहाऱ्यावर येणारा शिपाई होता.

आमच्याकडे चुनखडक विपुल. परंतु या तटाचे प्रचंड चिरे चुन्यावांचून रचलेले आहेत. लाटेचें पाणी फटींत शिरतें आणि तिचा जोर तेथेंच मोडतो. आंत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि राघोजी आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधविलेलें गणेशपंचायतन आहे.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांत याचेंच थोरलें भावंड आहे. मों सें मिशेल या खडकावर ७०८ सालीं एक लहानसें प्रार्थनामंदिर झालें. ९६६ सालीं तेथें बेनेडिक्टाइन पंथाचे साधु येऊन मठ वसला. पुढें त्यास तट घातले गेले. शतवार्षिक युद्धांत इंग्रजांना तें ठाणें कधींच घेतां आलें नाहीं. राज्यक्रांतीनंतर मठाचा तुरुंग झाला व १८६३ पर्यंत तो राहिला. मग १८७९ सालीं यात्रेकरूंच्या सोयीसाठीं तेथें कायमचा बांध घातला. शत्रूस जें साधलें नव्हतें तें सोयीनें साधलें: पाण्याचें वाहणें अडलें, गाळ सांचला आणि बेट किनाऱ्यास चिकटूं लागलें. अखेर खांबांवरचा पूल बांधून, २०१४ सालीं तो खुला करून, जुना बांध उखडावा लागला.

ही हकीकत वाचली, तेव्हां माझी तक्रार मींच मागें घेतली. आंग्र्यांचें राज्य १८४० च्या सुमारास खालसा झालें, आरमार गेलें; गणपतीची पूजा मात्र राहिली, आणि समुद्राचा पहाराही राहिला.

दुसऱ्या दिवशीं कोळ्यांना ओहोटीची वेळ विचारून आम्ही निघालों. ओल्या वाळूवरून मातोश्री सावकाश चालत होत्या. दर्शन झाल्यावर मीं म्हटलें, "काल उगीच फेरा पडला." त्या म्हणाल्या, "देवाच्या दारीं आपल्या वेळेनें जायचें नसतें रे, त्याच्या वेळेनें जायचें असतें."

भरती येण्यापूर्वीं आम्ही किनाऱ्यास लागलों.