सोडतीत आधी कोण, नंतर कोण?



बडोद्यात आपली घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वर्गणीवरून आपल्यात कधी वाद झाला नाही, पण आरतीच्या सोडतीवरून दरवर्षी कुरबुर होते. "आमचा नंबर शेवटी, तोवर चांगल्या चिठ्ठ्या संपलेल्या असतात!" दोन घरांनी तर चिठ्ठी उचलणंच सोडलं. म्हणून आज आम्ही हा हिशोब सर्वांसमोर मांडतो.

समजा डब्यात १० चिठ्ठ्या आहेत. ३ चिठ्ठ्यांवर 'आरती' लिहिलंय, ७ कोऱ्या. उचललेली चिठ्ठी परत टाकायची नाही. पहिल्या घराची शक्यता ३/१०. दुसऱ्या घराचं काय? पहिल्याला आरती मिळाली, तर उरलेल्या ९ चिठ्ठ्यांत आरतीच्या २. पहिल्याची कोरी निघाली, तर ९ मध्ये ३. म्हणजे दुसऱ्याची शक्यता पहिल्याच्या निकालावर अवलंबून असते. पण चिठ्ठी उघडण्याआधी दोन्ही वाटा धरल्या पाहिजेत.

पहिली वाट: ३/१० × २/९ = ६/९०.
दुसरी वाट: ७/१० × ३/९ = २१/९०.
बेरीज २७/९०, म्हणजे पुन्हा ३/१०!

दहाव्या घरालाही तेवढीच संधी, कारण डब्यात शेवटी उरणारी चिठ्ठी दहांपैकी कोणतीही असू शकते. मात्र पहिल्या दोन्ही घरांना आरती मिळण्याची शक्यता ३/१० × ३/१० नव्हे. ती ३/१० × २/९, म्हणजे १/१५. चिठ्ठी परत टाकली असती, तरच ९/१०० आली असती.

मग सोडतीत अन्याय कधीच होत नाही का? होतो, पण तो क्रमाने नव्हे, नीट न मिसळल्याने. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या ३६६ कुप्यांची सोडत झाली. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या, त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर त्यामुळे लवकर लागले. तिथे प्रश्न युद्धावर जाण्याचा होता, इथे फक्त आरतीचा आहे. पण विश्वास दोन्हीकडे सारखाच लागतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच: चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकसारख्या घडीच्या असाव्यात. डबा सर्वांदेखत चांगला हलवावा. सगळ्यांनी उचलून झाल्यावर एकदमच उघडाव्यात. आणि ती दोन घरंही यंदा डब्यात हात घालोत.

गणपती बाप्पा मोरया!