पोकराचं तळं आणि राफेलची किंमत

मुंबईहून नागपूरकडे निघालेल्या गाडीला मलकापूर मागे पडलं की शेगावच्या आधी नांदुरा लागतं. बाहेरगावच्या माणसाला हे गाव महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमानामुळे ठाऊक. इथल्या शेतकऱ्याशी बोलायला बसावं तर विषय पाण्याचा निघतो. तालुक्याचा पूर्णा नदीकाठचा भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला दिलं की काळी जमीन आणखी चोपण होते. मग कपाशी, तूर, हरभरा सगळं पावसाच्या भरवशावर. गोडं पाणी म्हणजे आभाळातून पडलेलं आणि शेततळ्यात अडवलेलं.

या भागात अशी बरीच तळी ज्या योजनेतून झाली, तिला सगळे ‘पोकरा’ म्हणतात. सरकारी नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ साली त्याचा करार झाला. त्यात १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं होती, त्यांत पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातली ९०० हून अधिक. खर्च ४,००० कोटींचा. त्यातले २,८०० कोटी जागतिक बँकेचे. तळं, ठिबक, अवजारं यांचं अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालं आणि ‘परदेशातून पैसा आला’ असं गावात बोललं गेलं.

आला खरा, पण परत करायच्या बोलीवर. ते ४२ कोटी डॉलरचं कर्ज आहे: पहिली सहा वर्षं मुद्दल फेडायला सवलत, एकूण मुदत २४ वर्षं.

आता दुसरा एक करार. २०१६ साली भारताने फ्रान्सकडून ३६ राफेल विमानं घ्यायचं ठरवलं. शस्त्रं, सुटे भाग, देखभाल धरून रक्कम ७८७ कोटी युरो, म्हणजे तेव्हाचे अंदाजे ५९,००० कोटी रुपये. एका विमानामागे सरासरी १,६०० कोटी. पाच हजार गावांसाठी जागतिक बँकेने जे कर्ज दिलं, त्यात दोन विमानंही पुरती बसत नाहीत.

मदत आणि शस्त्रं यांची गाठ महाराष्ट्राने पूर्वीही पाहिली आहे. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली १९५० आणि ६० च्या दशकांत गव्हाची जहाजं भारतात येत. तो गहूही फुकट नव्हता. त्याची किंमत रुपयांत अमेरिकेच्या नावे साठत होती. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचं युद्ध पेटलं. अमेरिकेने भारताची सुमारे पावणेनऊ कोटी डॉलरची मदत थांबवली आणि ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली माणसं ज्या काळातली लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी अजून नाक मुरडून आठवतात, त्या काळात सरकारला परदेशी धान्य रोखीने विकत घ्यावं लागलं होतं. लोकांच्या आठवणीत मात्र मिलो अमेरिकेने दिलेलं दान म्हणूनच राहिला. १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी गव्हापोटी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला दिला, हिशेब मिटवायला. जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

जगाचा ताळेबंद काय सांगतो? श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांना द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये केला. २०२४ मध्ये ती सरासरी ०.३३ टक्के होती. सगळी मिळून मदत २१२ अब्ज डॉलर. त्यातही आठवा हिस्सा त्या देशांनी आपल्याच भूमीवर निर्वासितांना सांभाळण्यात खर्चलेला. त्याच वर्षी जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज. एकट्या अमेरिकेचा ९९७ अब्ज, आणि तिची मदत ६३ अब्ज. जवळपास सोळा पट.

२०२५ मध्ये ब्रिटनने आडपडदाही ठेवला नाही. संरक्षणावरचा खर्च वाढवायचा म्हणून २०२७ पर्यंत मदत उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणू, असं पंतप्रधान स्टार्मर यांनी संसदेत सांगितलं. उलटं उदाहरण शोधायला गेलं तर आयर्लंड सापडतं. हा छोटा देश लष्करापेक्षा परदेशी मदतीवर जास्त खर्च करतो. अर्थात तो नाटोत नाही आणि त्याच्या सीमेवर शत्रूही नाही, हे विसरून त्याचं कौतुक करण्यात मतलब नाही.

मग आपण? दरडोई उत्पन्न पाहता भारत श्रीमंतांच्या पंगतीत बसत नाही, पण मदत तोही देतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी. परराष्ट्र खात्याकडून इतर देशांना द्यायच्या मदतीला साडेपाच हजार कोटींहून थोडे कमी. संरक्षणाच्या शंभर रुपयांमागे ऐंशी पैसे. या मदतीतले २,१५० कोटी एकट्या भूतानच्या वाट्याला आले, आणि भूतानची उत्तर सीमा चीनला लागून आहे.