रिपोर्टातला तीनचा आकडा

आज बचतीचं, हप्त्याचं काही नाही. आज एका आकड्याबद्दल बोलायचंय.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या स्तनात गाठ लागली. तालुक्याला गाठीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट इंग्रजीत. घरातल्या शिकलेल्या पोरानं वाचला आणि सांगितलं, कॅन्सर आहे, तिसरा. झालं! तिसरी स्टेज म्हणजे आता काय राहिलं, म्हणून रडारड. काकूच म्हणाल्या, माझ्यापायी म्हैस विकू नका. असे पाच आठवडे गेले. बैठकीत कळलं तेव्हा आम्ही दोघीजणी काकूंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तो तीनचा आकडा स्टेजचा नव्हताच, ग्रेडचा होता. हा फरक आम्हालाही ठाऊक नव्हता, खोटं कशाला बोला!

आपल्या वावरात तण आलंय असं धरा. तण किती जोमाचं, ही झाली ग्रेड. ते एका वाफ्यातच आहे, की बांध ओलांडून दुसऱ्या रानात गेलंय, ही झाली स्टेज.

ग्रेड त्या तुकड्यावरून ठरते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी बघतात: पेशी नेहमीसारख्या नळ्या करून बसल्यात का, पेशींची केंद्रं किती वेडीवाकडी झालीत, आणि किती पेशी दुभंगून वाढताना दिसतात. प्रत्येकीला 1 ते 3 गुण. बेरीज 5 पर्यंत आली तर ग्रेड एक, 6 किंवा 7 आली तर दोन, 8 किंवा 9 आली तर तीन. शाळेत जास्त गुण चांगले, इथं उलटं.

स्टेज नुसत्या तुकड्यावरून कळत नाही. गाठ केवढी, काखेतल्या गाठींत रोग गेलाय का, आणि हाडं, फुप्फुस, यकृत असा लांब पोचलाय का, हे बघावं लागतं. कागदावर त्याला टी, एन, एम अशी अक्षरं असतात. पुढं शून्य असेल तर तिथं काही सापडलं नाही. लांब पोचला तर चौथी स्टेज. तेव्हाही औषधं असतात, वेदना कमी करता येतात.

काकूंची गाठ तीन सेंटिमीटरची. काखेत काही नाही, लांब कुठं काही नाही. म्हणजे दुसरी स्टेज. तण जोमाचं, पण अजून वाफ्यातच. आणि जोमाचं होतं म्हणूनच ते पाच आठवडे आम्हाला आजही टोचतात.

म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ग्रेड कोणती? स्टेज कोणती? स्टेज अजून ठरली नसेल तर ती कधी आणि कोणत्या तपासणीनं ठरणार, तेही विचारा. विचारायला लाजू नका. उत्तर मराठीत लिहून घ्या, घरी सांगताना उलटसुलट होत नाही.

काकूंचं ऑपरेशन झालं. काढलेल्या काखेतल्या गाठीही तपासल्या, त्या साफ निघाल्या. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसले, रेशनकार्ड आणि आधार लागलं. म्हैस दावणीलाच आहे. जाण्यायेण्याचा खर्च गटानं कर्जाऊ दिला. आता केमो चालू आहे. कर्जाचा पहिला हप्ता दिवाळीनंतर धरायचा, असं वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्यात.