चोरलेले पान आणि दिलेली फांदी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बरखेडा येथे केलेले भाषण)



न्यासाच्या कार्याविषयी बोलण्यास अधिकारी वक्ते येथे आहेत. आम्ही पडलो शाळामास्तर. खिडकीतल्या एका वेलीविषयी दोन शब्द बोलू.

१९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि प्रांतोप्रांतींची माणसे भोपाळात आली. क्वार्टर कंपनीचे, निवृत्त झाल्यावर ते सोडायचे. अशा घरांतून बाटलीतला मनीप्लांट सोयीचा. पण त्याच्याबरोबर एक समजूतही रुजली आहे : तो चोरून आणला तरच लाभतो!

आमच्या वर्गातील एका मुलाने आजीचा शब्द प्रमाण मानून शेजारच्या काकूंच्या गॅलरीतले एक पान खुडले. ते पाण्यात महिनाभर हिरवे राहिले, पण कोंब येईना. तो ते आमच्याकडे घेऊन आला. आम्ही रागावलो नाही. कोंबाचा डोळा पेरावर असतो, नुसत्या पानात नसतो, हे त्यास दाखविले आणि म्हटले, "काकूंना खरे सांग, आणि पेरासकट फांदी मागून घे." मुलगा दोन दिवस घुटमळला, अखेर गेला. काकूंनी एक नव्हे, तीन फांद्या दिल्या.

हा वेल मूळचा ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरचा. लागवडीत त्यास आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे. फुलण्यास लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य त्याच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ साली संशोधकांनी दाखविले. फूल नाही, म्हणून बी नाही. तेव्हा घरोघरचे हे वेल म्हणजे हातोहात गेलेल्या फांद्याच होत.

पेर पाण्यात बुडवावे, पाने वर ठेवावीत. उजेड हवा, वैशाखाचे ऊन नको. पाणी दर आठवड्यास बदलावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पान चावल्यास तोंडाची आग होते. म्हणून लहान मुले व मांजरे यांपासून वेल दूर ठेवावा.

या न्यासाकडे फीसाठी अर्ज करताना कित्येक मुले मान खाली घालतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच, की मागण्यात कमीपणा नाही. आणि देणाऱ्यांस सांगावयास नकोच : कापलेल्या जागेखालून वेलीस नवा फुटवा येतो.

त्या मुलाने वाढविलेल्या वेलीच्या फांद्या दाराशी बादलीत ठेवल्या आहेत. जाताना एकेक मागून घ्यावी.