पुंगळीचे माप

काडतुसातून गोळी सुटल्यावर जी रिकामी पितळी नळी उरते तिला पुंगळी म्हणतात, आणि तिच्यात नवी टोपी, दारू व गोळी भरण्याआधी तिचे माप ठाकठीक करण्याचे काम अमेरिकेत अनेक नेमबाज घरीच करीत असले, तरी भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम परवान्यावाचून दारूगोळा बनविण्यास मनाई करते. महाराष्ट्रातील नामवंत नेमबाजांचे त्यावाचून अडतही नाही. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक ज्या 50 मीटर रायफल प्रकारांत मिळविले, त्यांतील काडतुसाचे पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच असते, आणि ती कड एकदा चेपली की पुंगळी भंगारातच जाते.

तरीही या कामाचे मर्म पुण्याजवळच्या तळवड्याला परके नाही. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवतालच्या ‘रेड झोन’मुळे जेथील बांधकामांवर वर्षानुवर्षे निर्बंध आहेत, त्या परिसरातील प्रेसशॉपमध्ये डायखाली वाकविलेला पत्रा दाब सुटताच किंचित मागे येतो, हे कामगार रोज पाहतो व त्याला ‘स्प्रिंगबॅक’ म्हणतो. पुंगळीचे पितळ, म्हणजे सुमारे 70 टक्के तांबे व 30 टक्के जस्त, नेमके असेच वागते: बार उडताच ते फुगून रायफलीच्या चेंबरला घट्ट चिकटते व मागे येणारा वायू अडविते, दाब ओसरताच जरासे आकसून सुटे होते, पण मूळ मापावर परतत नाही. म्हणून वंगण लावून ती पुंगळी डायमध्ये दाबावी लागते, आणि डायचे पोट हव्या असलेल्या मापापेक्षा थोडे लहानच ठेवावे लागते.

नवशिक्याची चूक बहुधा अधिक दाबण्याची असते. पुंगळीचा खांदा, म्हणजे जेथे ती मानेकडे निमुळती होते तो भाग, 0.05 मिलिमीटरच्या आसपास मागे सरकला तरी सहसा पुरते. तो याहून फार सरकला, तर पुढच्या बाराला पुंगळी लांबीत ताणली जाते, बुडाच्या थोडे वर तिची भिंत पातळ होते आणि अखेर तेथेच ती तुटते. बाहेरून तेथे चकचकीत कडे दिसते, आणि टोक वाकविलेली बारीक तार आतून फिरविली की ती त्या खाचेत अडखळते. हे कडे दिसलेली पुंगळी फेकून द्यावी; तेथे काटकसर करणे हा शुद्ध अविचार होय.

वारंवार फुगण्या-दबण्याने पितळ कडक होत जाते आणि त्यात ताण अडकून राहतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेने हिंदुस्थानात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, आणि घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया व पितळ ओढताना त्यात उरलेला ताण यांच्या संयोगाने हे घडते, असा उलगडा मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये केला. पुंगळीची मान अधूनमधून तापवून मऊ करतात ती असे तडे टाळण्यासाठीच. मात्र तापविताना बूड पाण्यात उभे ठेवण्याची जुनी रीत आहे, कारण 7.62 मिलिमीटरच्या काडतुसात वातावरणाच्या सुमारे 4,000 पट दाब झेलणारे ते बूड मऊ पडले, तर रायफल धरणाऱ्याच्या तोंडासमोरच वायू बाहेर फुटतो.